वैमानिका बेसी कोलमन

आकाशांत विमानाचा आवाज झाला कीं वर्गांतील बहुतेक माना खिडकीकडे वळतात, आणि गुरुजींनाहि त्या क्षणीं फारसें रागावतां येत नाहीं. कारण त्यांची स्वतःची मानहि थोडी वळलेलीच असते. उडण्याची हौस गरीब-श्रीमंत असा भेद करीत नाहीं. तो भेद पुढें फी भरण्याच्या वेळीं होतो. विमान चालविण्यास शिकणें, किंवा हवाई छत्री बांधून हजारों फुटांवरून उडी घेणें, ह्या गोष्टी आजहि पैसेवाल्यांच्याच समजल्या जातात. व घरची स्थिति बेताची असलेला विद्यार्थी आपली हौस मनांतल्या मनांत जिरवून टाकतो. ज्या स्त्रीची हकीकत पुढें दिली आहे तिच्यापाशीं पैसा नव्हता, कुळाचें पाठबळ नव्हतें, आणि तिच्या स्वतःच्या देशांतील एकहि वैमानिक शाळा तिला दारांत उभी करण्यास तयार नव्हती. तरी ती उडाली. व त्यासाठीं लागणारा पैसा तिनें कोठून व कसा उभा केला हाच तिच्या चरित्रांतील मोठा भाग आहे.

बेसी कोलमन हिचा जन्म अमेरिकेंतील टेक्सास संस्थानांत अटलांटा नांवाच्या एका लहान गांवीं ता. २६ जानेवारी १८९२ रोजीं झाला. जॉर्जियांतील प्रसिद्ध अटलांटा शहर तें वेगळें. तेरा भावंडांत बेसीचा क्रम दहावा. आईबाप कृष्णवर्णी, बापाच्या अंगांत अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचेंहि रक्त होतें. बेसी दोन वर्षांची असतां हें कुटुंब वॉक्सहॅची नांवाच्या कापसाच्या मुलुखांतील गांवीं येऊन राहिलें. दुसऱ्याच्या जमिनींत वांट्यानें कापूस पिकवावा आणि हंगामाच्या शेवटीं मालकाचें देणें वजा जातां हातांत कांहीं उरलें तर उरलें, असा त्यांचा संसार होता. गुलामगिरी कायद्यानें १८६५ सालींच संपली होती. पण शाळा वेगळी, आगगाडींतील डबा वेगळा, मताधिकार नांवापुरता, अशी तेथील काळ्या लोकांची अवस्था होती. ह्या जाचास कंटाळून १९०१ सालीं बाप ओक्लाहोमाच्या बाजूस निघून गेला. आई मागें राहिली. लोकांच्या घरीं स्वयंपाक व धुणें करून तिनें मुलें वाढविलीं.

बेसीची शाळा म्हणजे एक खोली. आणि तिथवर जाण्यास चार मैलांची पायपीट. कापूस वेंचण्याचा हंगाम आला कीं शाळेस कुलूप लागे व मुलें शेतांत जात. बेसीला तें काम मुळींच आवडत नसे. परंतु गणितांत तिचें डोकें उत्तम चाले, म्हणून आईनें घरच्या कापसाचा हिशेब तिजकडे सोंपविला होता. वजन होत असतां मुकादमाची नजर दुसरीकडे वळली कीं ही मुलगी तराजूवर हळूच पाय टेकवी, अशी आठवण तिच्या घरचीं माणसें पुढें सांगत. आतां ही गोष्ट आमच्या हेडमास्तरांस आवडणार नाहीं हें उघड आहे. पण मालकाचा हिशेब तरी कितपत चोख असे, हाहि प्रश्न आहेच. आईला वाचतां येत नव्हतें. पुस्तकांची एक गाडी वर्षांतून एकदोनदां त्या बाजूनें जाई, तिच्यांतून ती पुस्तकें भाड्यानें घेई आणि बेसी तीं रात्रीं सर्वांस वाचून दाखवी.

लोकांचे कपडे धुवून बेसीनें थोडा पैसा सांठविला व १९१० सालीं ती ओक्लाहोमांतील लँग्स्टन येथील कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठांत दाखल झाली. एकच सत्र झालें. पैसे संपले, आणि ती घरीं परत येऊन पुन्हां धुणीं धुऊं लागली. पुष्कळांच्या शिक्षणाची कथा येथेंच संपते, व तिचीहि संपली असतां कोणास नवल वाटलें नसतें.

१९१५ सालीं, वयाच्या तेविसाव्या वर्षीं, ती शिकागोस आपल्या वडील भावांकडे गेली. तेथें तिनें नखें कापून त्यांस रंग व तकाकी देण्याची कला शिकून घेतली आणि एका केशकर्तनालयांत नोकरी धरली. हजामतीस येणारे गिऱ्हाईक खुर्चीवर स्वस्थ बसून गप्पा मारीत, व बेसी खालीं मान घालून त्यांचीं बोटें सांभाळतां सांभाळतां सर्व ऐकत असे. पहिल्या महायुद्धांत फ्रान्सच्या रणांगणावरून शिपाई परत येऊं लागले तसा त्या गप्पांचा विषय विमानें हाच झाला. तिचा भाऊ जॉन हाहि फ्रान्सला जाऊन आला होता. एके दिवशीं त्यानें दुकानांत येऊन बहिणीची थट्टा मांडली, कीं फ्रान्सच्या बायका विमानें चालवितात. आपल्या काळ्या बायकांस तें जन्मांत साधावयाचें नाहीं. भावाची ही थट्टा बेसीनें जशीच्या तशी मनांत ठेवून घेतली. त्या दिवसापासून विमान चालविणें हाच तिचा एक ध्यास झाला.

अमेरिकेंत त्या वेळीं विमान शिकविणाऱ्या शाळा होत्या. बेसीनें अर्ज करून पाहिले. परंतु ती बाई, आणि त्यांतून काळी, म्हणून कोणीहि तिला घेईना. तेव्हां ती शिकागोंतील एका मोठ्या वर्तमानपत्राचे संस्थापक रॉबर्ट अॅबट यांजकडे सल्ला विचारण्यास गेली. ‘शिकागो डिफेंडर’ हें त्यांचें पत्र कृष्णवर्णी लोकांत देशभर वाचलें जाई. अॅबट यांनीं तिला फ्रान्सचा रस्ता दाखविला. त्या देशांत वर्णाचा असा अटकाव नव्हता. पण तेथें अर्ज फ्रेंच भाषेंत करावा लागणार, शिक्षणहि त्याच भाषेंत होणार. म्हणून बेसीनें आधीं फ्रेंच शिकण्याचा वर्ग धरला.

आतां तिच्या जमाखर्चाकडे पाहूं. भाषेची फी, जहाजाचें भाडें, परदेशांत राहण्याचा खर्च, आणि ह्या सर्वांवर विमानशिक्षणाची फी! नखें रंगवून हा पैसा उभा राहणें शक्य नव्हतें. तिनें नखांची नोकरी सोडून एका खानावळींत व्यवस्थापकाची जागा घेतली, कारण तेथें पगार अधिक होता. मिळालेल्या पैशांतून होईल तेवढा ती मागें टाकीत गेली. पण केवळ शिल्लक टाकून भागणार नाहीं हें तिनें वेळींच ओळखलें. ज्यांस तिच्या बेताचें महत्त्व कळेल अशा माणसांकडे ती स्वतः चालून गेली. अॅबट यांनीं हात दिला. त्याच समाजांतील एक पेढीवाले जेसी बिंगा यांनींहि दिला. अॅबट यांचा ह्यांत कांहींसा स्वार्थ होता असें कोणी म्हणेल. पहिल्या कृष्णवर्णी वैमानिकेची बातमी म्हणजे पत्राचा खप वाढणार हें त्यांस ठाऊक होतें. असेना कां! ज्या मदतींत देणाऱ्याचेंहि कांहीं काम होतें ती मदत घेतांना बेसीस कमीपणा वाटला नाहीं, व तो वाटण्याचें कारणहि नव्हतें.

नोव्हेंबर १९२० मध्यें ती न्यूयॉर्कहून जहाजानें निघाली. उत्तर फ्रान्समध्यें सोम नदीच्या मुखापाशीं ल क्रोत्वा नांवाचें गांव आहे. तेथें कोद्रों बंधूंची विमानशाळा त्या काळीं नांवाजलेली होती. बेसीस तेथें प्रवेश मिळाला. रोजची चाल नऊ मैलांची होती, असें ती पुढें सांगत असे. शाळेंतील विमान न्यूपोर जातीचें, दोन पंखांच्या थरांचें. लांकूड, तारा व कापड ह्यांचा तो एक नाजुक सांगाडा. त्यास हातचाक नव्हतें, ब्रेकहि नव्हते. शिकविणारा पुढें व शिकणारा मागें. पुढच्याचा दांडा हालला कीं मागच्याचाहि हाले, आणि तो कसा हालतो हें हातास समजून घेणें हेंच मुख्य शिक्षण. उतरल्यावर शेपटीखालची पट्टी जमिनीवर घासत जाई तेव्हां कोठें विमान थांबे. दर उड्डाणापूर्वीं विमानाची तारन् तार स्वतः तपासावी लागे. कारण ह्या जातीचें विमान हवेंतच मोडल्याचीं उदाहरणें होतीं. बेसीच्या देखत तिचा एक सहाध्यायी अपघातांत मरण पावला. तिला जबर धक्का बसला, परंतु तिनें शिक्षण सोडलें नाहीं. दहा महिन्यांचा अभ्यासक्रम सात महिन्यांत पुरा करून ता. १५ जून १९२१ रोजीं तिनें आंतरराष्ट्रीय वैमानिक संघाचा परवाना मिळविला. असा परवाना मिळविणारी ती जगांतील पहिली कृष्णवर्णी स्त्री होय. परवान्यावर तिचें जन्मसाल १८९६ असें पडलें आहे. म्हणजे आकाशांत चढतांना बाईंनीं वयाचीं चार वर्षें खालींच ठेविलीं! आपल्या मुंबईंत हिंदुस्थानचा पहिला वैमानिक परवाना जे. आर. डी. टाटा यांस मिळाला तो फेब्रुवारी १९२९ मध्यें, हें लक्षांत घेतलें म्हणजे बेसीची घाई किती मोलाची होती तें कळेल.

सप्टेंबर १९२१ मध्यें ती मायदेशीं परतली. वर्तमानपत्रवाल्यांनीं बंदरावर गर्दी केली. पण कौतुकानें पोट भरत नाहीं. उतारू नेणारीं विमानें तेव्हां जवळजवळ नव्हतींच. वैमानिकानें जत्रेंतील डोंबाऱ्याप्रमाणें गांवोगांव फिरावें, आकाशांत कोलांट्या माराव्या, पडतां पडतां सांवरून दाखवावें, आणि तिकिटाच्या उत्पन्नावर गुजराण करावी अशी रीत होती. बेसीस ह्या कसरती येत नव्हत्या व अमेरिकेंत त्या तिला कोणी शिकवीना. म्हणून १९२२ च्या फेब्रुवारींत ती पुन्हां युरोपांत गेली, आणि फ्रान्स, हॉलंड व जर्मनी ह्या देशांत शिकून परत आली. ता. ३ सप्टेंबर १९२२ रोजीं न्यूयॉर्कजवळ कर्टिस मैदानावर तिचा पहिला प्रयोग झाला. महायुद्धांत लढलेल्या एका कृष्णवर्णी पलटणीच्या सन्मानार्थ तो समारंभ होता. त्याच दिवशीं ह्यूबर्ट जूलियन नांवाच्या एका कृष्णवर्णी तरुणानें हवाई छत्रीनें उडी मारून दाखविली.

ह्या छत्रीविषयीं येथें थोडें सांगितलें पाहिजे, कारण पुढें तिचा संबंध आहे. हातीं विमान नसलेल्या धाडसी तरुणास आकाशांत शिरकाव करून घेण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग त्या काळीं हवाई छत्रीचाच होता. विमान दुसऱ्याचें, इंधन दुसऱ्याचें. आपला फक्त जीव. १९२७ सालीं एकट्यानें न थांबतां अटलांटिक महासागर ओलांडून जगप्रसिद्ध झालेला चार्लस् लिंडबर्ग ह्यानेंहि आरंभ असाच केला. १९२२ सालीं नेब्रास्कांत विमान शिकत असतां एकट्यानें उडण्यासाठीं लागणारें जामीनाचें द्रव्य त्याजपाशीं नव्हतें. तेव्हां तो फिरत्या वैमानिकांबरोबर विमानाच्या पंखांवर चालण्याचे व छत्रीनें उडी मारण्याचे खेळ करीत हिंडला. प्रेक्षकांसहि उडीचें वेड अनावर होतें. नुसत्या कोलांट्यांस लोक विटले तरी माणूस आकाशांतून खालीं येतो आहे हें पाहण्यास ते पदरचे पैसे देत.

स्वतःचें विमान असल्याखेरीज बेसीस स्वतंत्र धंदा करतां येण्यासारखा नव्हता. कॅलिफोर्नियांत एका टायर-कंपनीची जाहिरात करण्याचें काम पत्करून तिनें पैसा मिळविला आणि युद्धानंतर सरकारनें मोडींत काढलेल्या ‘जेनी’ जातीच्या विमानांपैकीं एक विकत घेतलें. ता. ४ फेब्रुवारी १९२३ रोजीं लॉस एंजल्सजवळ तिचा प्रयोग ठरला होता. हजारों लोक जमले. विमान कसेंबसें तीनशें फूट चढलें असेल नसेल तोंच इंजिन बंद पडलें व तें खालीं कोसळलें. बेसीचा पाय मोडला, बरगड्या मोडल्या, आणि तिची सर्व पुंजी मैदानावर चुरा होऊन पडली. शुद्धीवर येतांच ती डॉक्टरांस विनवूं लागली, कीं कसेंहि करून मला बांधून उभें करा. लोक वाट पहात आहेत. तीन महिने ती इस्पितळांत होती. तेथूनच तिनें आपल्या चाहत्यांस तार केली, कीं पाय बरा होतांच मी पुन्हां उडणार आहें.

पैशाचा असा दुष्काळ असलेल्या ह्याच बाईनें थोड्याच काळापूर्वीं हातीं आलेला पैसा लाथाडला होता, हें मात्र ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. एका चित्रपट-मंडळीनें तिला नायिकेची भूमिका देऊं केली होती. करार झाला; पण पहिल्याच दृश्यांत फाटकीं वस्त्रें नेसून, हातांत काठी व पाठीवर गांठोडें घेऊन, अडाणी खेडवळ म्हणून उभें राहावयाचें आहे असें कळतांच ती उठून निघून गेली. काळ्या माणसांचें तेंच चित्र पुनःपुन्हां दाखविण्यास हातभार लावणें तिला मान्य नव्हतें. त्या पैशांत तिला कदाचित् चांगलें विमान मिळालें असतें. व्यवहारी माणसें तिला वेडी म्हणालीं, आणि तिच्याच समाजांतील कांहीं बडीं माणसें तिजवर रुष्ट झालीं. आम्हांस मात्र ती येथें सर्वांत मोठी वाटते.

पुढील दीड-दोन वर्षें हलाखींत गेलीं. मग १९२५ सालीं ती टेक्सासला परतली. ता. १९ जून हा तेथील कृष्णवर्णीयांच्या मुक्ततेचा वाढदिवस. त्या दिवशीं ह्यूस्टन येथें तिनें प्रयोग केला. खेळ संपल्यावर प्रेक्षकांपैकीं पुष्कळांस विमानांत बसवून फिरवून आणण्यांत आलें; आजवर कोणत्याहि वैमानिकानें त्या लोकांस विमानाजवळ येऊं दिलें नव्हतें. आपल्या जुन्या वॉक्सहॅची गांवीं खेळ करण्याचें ठरलें तेव्हां तेथील चालकांनीं गोऱ्यांस एक व काळ्यांस एक अशीं दोन प्रवेशद्वारें योजिलीं होतीं. दार एकच असेल तरच मी उडेन, असें बेसीनें निक्षून कळविलें. चालक नमले. आंत बसण्याच्या जागा मात्र वेगळ्याच राहिल्या. तेवढ्यावर तिनें तडजोड केली. ह्याच सुमारास आपल्या प्रयोगांत तिनें हवाई छत्रीच्या उड्यांचीहि भर घातली. शाळा, देवळें, नाटकगृहें येथें ती व्याख्यानें देई, युरोपांतील आपल्या उड्डाणांचे चलच्चित्रपट दाखवी, आणि कृष्णवर्णी मुलामुलींसाठीं विमानशिक्षणाची शाळा काढण्याचा आपला बेत सांगे. आपल्यास दारोदार हिंडावें लागलें तसें पुढच्यांस हिंडावें लागूं नये, हा त्या शाळेचा हेतु होता. त्यासाठींच तिला पैसा हवा होता.

१९२६ च्या आरंभीं ती फ्लोरिडांतील ऑर्लँडो गांवीं एका धर्मोपदेशकाच्या घरीं राहिली होती. त्या दंपतीनें तिला लेकीप्रमाणें वागविलें. शाळेचा निधि लवकर जमावा म्हणून तिनें तेथें केशभूषेचें दुकानहि काढलें. म्हणजे शिकागोंतील जुना धंदा पुन्हां उपयोगी पडला. डॅलस येथें एक जुनें ‘जेनी’ विमान तिनें हप्त्यानें ठरवून ठेविलें होतें. शेवटचा हप्ता भरण्यास ऑर्लँडोंतील एडविन बीमन नांवाच्या एका धनिक गोऱ्या गृहस्थानें मदत केली. जॅक्सनव्हिल शहरांत ता. १ मे रोजीं ‘नीग्रो वेल्फेअर लीग’च्या वतीनें तिचा खेळ ठरला होता, व त्या शहरांत काळ्या बाईस कोणीहि विमान विकत वा भाड्यानें देईना. म्हणून विल्यम विल्स नांवाच्या चोवीस वर्षांच्या गोऱ्या यंत्रज्ञानें तें विमान डॅलसहून उडवीत आणलें. वाटेंत त्यास बिघाडामुळें सक्तीनें खालीं उतरावें लागलें. जॅक्सनव्हिलच्या जाणकारांनीं इंजिन पाहिलें तेव्हां हें इतक्या लांब आलें तरी कसें, ह्याचेंच त्यांस आश्चर्य वाटलें.

बेसीनें अन्नवस्त्रांत काटकसर केली, झोपेंत केली. त्याचें फळ तिला मिळालें. इंजिनांत केलेली काटकसर मात्र तिची एकटीची नव्हती. जीं चांगलीं विमानें बाजारांत होतीं तीं तिला कोणी विकत नव्हतें, आणि जें मिळे तें दुसऱ्यांनीं वापरून झिजविलेलें असे. तिला दोष देण्यापूर्वीं वाचकांनीं एवढी गोष्ट तरी हिशेबांत धरावी.

ता. ३० एप्रिल १९२६ च्या सकाळीं साडेसातच्या सुमारास विल्स व बेसी तालमीसाठीं वर गेलीं. विमान विल्स चालवीत होता. बेसी मागच्या बैठकीवर होती. दुसऱ्या दिवशीं छत्रीनें उडी घ्यावयाची होती, म्हणून उतरण्यास योग्य जागा कोणती तें तिला वरून पाहून ठेवावयाचें होतें. ती ठेंगणी असल्यामुळें पट्टा बांधून बसलें तर कांठावरून खालचें दिसत नसे. म्हणून तिनें पट्टा सोडला होता. अंगावर छत्रीहि नव्हती. विमान साडेतीन हजार फुटांपर्यंत चढलें. वर जाऊन सुमारें दहा-बारा मिनिटें झालीं असतील, इतक्यांत त्यानें एकाएकीं वेग घेतला, नाक खालीं केलें, गिरक्या घेतल्या व तें उलटें झालें. बेसी बाहेर फेंकली जाऊन खालीं पडली व तत्काळ मरण पावली. विल्स विमानाबरोबर आदळून ठार झाला. पुढें अवशेष तपासतां चालक-यंत्रणेच्या दांत्यांत एक सुटा पाना अडकलेला सांपडला. यंत्र दुरुस्त करतांना कोणाच्या तरी हातून तो आंत राहिला होता. बेसीचें वय त्या दिवशीं चौतीस वर्षें होतें.

गोऱ्यांच्या वर्तमानपत्रांनीं बातमी दिली ती मुख्यतः विल्सची. कृष्णवर्णी समाजानें मात्र जॅक्सनव्हिल, ऑर्लँडो व शिकागो अशा तीन ठिकाणीं तिला निरोप दिला, व तिन्ही ठिकाणीं हजारोंनीं लोक लोटले. शिकागोंतील अंत्यविधि सुप्रसिद्ध लेखिका व समाजसेविका आयडा वेल्स यांच्या देखरेखीखालीं झाला, आणि तेथील लिंकन स्मशानभूमींत तिचें दफन करण्यांत आलें.

तिची शाळा तिच्या हयातींत निघाली नाहीं. १९२९ सालीं विल्यम पॉवेल नांवाच्या एका कृष्णवर्णी गृहस्थानें लॉस एंजल्स येथें बेसी कोलमन वैमानिक मंडळ स्थापिलें, आणि तेथें वर्ण वा स्त्रीपुरुष असा भेद न करतां विमानविद्या शिकविली जाऊं लागली. १९३१ पासून शिकागोचे कृष्णवर्णी वैमानिक तिच्या समाधीवरून विमानें नेऊन वरून फुलें टाकूं लागले. १९९२ सालीं मे जेमिसन ही पहिली कृष्णवर्णी स्त्री अंतराळांत गेली तेव्हां तिनें बेसीचें छायाचित्र बरोबर नेलें होतें. १९९५ सालीं अमेरिकेच्या टपालखात्यानें बेसीच्या चित्राचें तिकीट काढलें. आणि २०२३ सालीं तेथील टांकसाळीनें पाडलेल्या पाव डॉलरच्या नाण्यावर वैमानिकाचा पोशाख चढविणारी बेसी, वर एक लहान विमान, व बाजूस तिच्या परवान्याची तारीख कोरलेली आहे.